तेरसेची भरती

विम्याच्या फॉर्मवर ‘घटनेची वेळ’ असा एक रकाना असतो, जेमतेम दोन बोटं रुंद. नवऱ्याने त्यात ‘रात्री ८.५०’ लिहिलं. खोटं नाही ते. पाणी गाडीच्या आत शिरलं ते तेव्हाच. पण त्या रकान्यात न मावलेल्या बऱ्याच वेळा माझ्याकडे उरल्या आहेत.

पहाटे ४.४५, पुणे

निघताना सासूबाईंनी दोन प्रश्न विचारले. “गॅसचा कॉक बंद केलास का?” आणि “आज तिथी कोणती?” पहिल्याचं उत्तर मी वाकून, कॉकला हात लावून दिलं. दुसरा प्रश्न पार्किंगमध्येच राहिला. शहरात तिथी लागते ती उपासाला नाहीतर श्राद्धाला, आणि त्या दिवशी दोन्ही नव्हतं.

तारीख मात्र सगळ्यांना पाठ होती. २१ मे २०२४, मंगळवार. ठाणे-पालघरचं मतदान आदल्या दिवशी उरकलेलं, म्हणजे रस्ते मोकळे असणार, असा नवऱ्याचा हिशेब. चिंचणी हे सासूबाईंचं माहेर. बावन्न वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या तिथून निघाल्या. माहेरचं घर वाटण्यांमध्ये कधीच गेलं, त्यामुळे मुक्काम आमच्याच गाडीत करायचा होता.

ही गाडी पूर्वी शाळेची मुलं वाहायची. टाळेबंदीत व्हॅनवाल्याचा धंदा बसला तेव्हा नवऱ्याने ती घेतली आणि पुढची तीन वर्षं प्रत्येक रविवार तिच्या पोटात घालवला. जोडले की पलंग होणारे बाक, दोन शेगड्यांचा ओटा, छतावर सोलर पॅनल, मागच्या चाकावर शंभर लिटरची पाण्याची टाकी. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून तो तिला कॅरॅव्हॅन म्हणतो. सासूबाई बिऱ्हाड म्हणतात. सामानसुमान आणि आम्ही चौघं धरून वजन साडेतीन टनांच्या आसपास.

सकाळी ८.४०, गायमुख घाट

एक्स्प्रेस वेवर लिहिण्यासारखं काही झालं नाही. घोडबंदर रस्त्यावरचा गायमुखचा चढ लांबीला काहीच नाही, पण तिथे गाड्या एकमेकींच्या शेपटीला लागून पहिल्या गिअरमध्ये चढतात. एसी चालू होता. चढाच्या मध्यावर नवरा म्हणाला, “काटा जरा वर गेलाय.”

मी मागे ओट्याशी होते. घराला काटा नसतो, त्यामुळे घरात बसलेल्या माणसाला ते वाक्य हवापाण्याबद्दल बोलल्यासारखं वाटतं. “चढ संपला की उतरेल,” तोच पुढे म्हणाला. चढ संपला आणि काटा खरंच उतरला. तो तेव्हाच उतरला नसता तर बरं झालं असतं.

सकाळी ९.३० ते ११.५०, ससूनवघर

वर्सोव्याचा खाडीपूल ओलांडला आणि गुजरातकडे जाणारा महामार्ग थिजला. तेव्हा तिथे व्हाइट टॉपिंग चालू होतं, म्हणजे जुन्या डांबरावर काँक्रीटचा थर. एक बाजू बंद, उरलेल्या पट्ट्यात कंटेनर, टँकर, दुधाच्या गाड्या आणि आम्ही. ससूनवघरपासून मालजीपाड्यापर्यंत चालत गेलो असतो तर आधी पोचलो असतो.

रेडिएटरचं काम वाऱ्यावर चालतं. गाडी पळते तेव्हा समोरून हवा येते, उभी असते तेव्हा सगळी भिस्त पंख्यावर. आणि मे महिन्यात, दोन ट्रेलरच्या मध्ये, तो पंखा त्यांच्याच इंजिनांची गरम हवा ओढत असतो. काटा लाल पट्टीला टेकला. नवऱ्याने एसी बंद केला आणि गाडीचा हीटर पूर्ण वेगाने सोडला. हे वेड नाही. हीटर इंजिनाच्याच गरम पाण्यावर चालतो, त्यामुळे तो लावला की इंजिनाची थोडी उष्णता माणसांच्या अंगावर येते. आली. सासूबाईंनी पदराने वारा घेत एवढंच विचारलं, “हे मुद्दाम केलंय का?”

अकराच्या सुमारास बॉनेटमधून वाफ आली. कडेला घेऊन, वीस मिनिटं थांबून, ओल्या टॉवेलने झाकण उघडलं. आत पाणी दिसेना. घरातल्या टाकीला पाइप लावून अठरा लिटर ओतलं.

वीस मिनिटं कमी पडतात, हे आता मला माहीत आहे. इंजिनाच्या ब्लॉकवर हेड बसवलेलं असतं, भांड्यावर झाकण बसावं तसं, आणि दोहोंच्या मध्ये एक पातळ गॅस्केट. एका बाजूला जळणाऱ्या डिझेलचा दाब, दुसऱ्या बाजूला थंडाव्याचं पाणी, तिसरीकडून ऑइल. तिघांना वेगळं ठेवायचं एवढंच तिचं काम. तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं की हेड केसभर वाकतं, आणि गॅस्केटला केसभर पुरतं. ते बहुधा तिथेच झालं. आवाज वगैरे काही आला नाही. गाडी चालू झाली, आम्ही टाळ्या वाजवल्या.

दुपारी १.४०, मनोर

खानिवड्याच्या टोलनाक्यापुढे रस्ता मोकळा झाला आणि आम्ही तासाला चाळीसच्या वेगाने, चांगल्या मुलांसारखे डाव्या कडेने गेलो. याच महामार्गावर पुढे चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर, ४ सप्टेंबर २०२२ रोजी सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. तेव्हापासून या रस्त्यावरचा धोका म्हणजे वेग, असं आमच्या घरात पक्कं झालं आहे. हळू चालणाऱ्यालाही काही होऊ शकतं, ही शक्यता कोणाच्या डोक्यात नव्हती.

मनोरला जेवलो. इंजिन निवलं होतं. पाण्याची पातळी बघायला झाकण उघडून नवऱ्याने गाडी सुरू केली, तेव्हा अकरा वर्षांचे चिरंजीव टाचा उंचावून आत डोकावले.

“बाबा, पाणी गरम नाहीये, तरी बुडबुडे येतायत.”

“हवा असते आत. निघून जाईल.”

त्या दिवसातलं सगळ्यांत अचूक निदान ते होतं. गार पाण्यात बुडबुडे म्हणजे सिलिंडरमधला जळका वायू गॅस्केट ओलांडून पाण्यात येतो आहे. मुलाने बघितलं, बापाने समजावून सांगितलं, आणि मी दही संपवत होते.

दुपारी २.३०, चिल्हार फाटा

काटा पुन्हा चढला. बोईसरकडे वळायच्या आधी टायरच्या दुकानाला लागून एक मेस्त्री दिसला. त्याने थर्मोस्टॅट काढून टाकला, म्हणजे पाणी न अडता फिरत राहील. पुढे एका होसवर अंगठा दाबून बघितला, रेडिएटरच्या तोंडाशी नाक नेऊन वास घेतला आणि म्हणाला, “साहेब, हेड तापलंय. गॅस्केटचा भरवसा नाही. हळू जा, गावात पोचा आणि उभी करा. मी सकाळी येतो, हेड उघडू. ताण देऊ नका. चढ नको, वाळू नको.”

त्याने सहाशे रुपये घेतले. नवऱ्याने यातलं ‘गावात पोचा’ एवढं ऐकलं. मी ‘सकाळी येतो’ ऐकलं. वाळू दोघांच्याही कानांवरून गेली. गाडीतल्या टाकीतलं आणखी वीसेक लिटर पाणी तिथे गेलं, आणि चहा पुढे गावातच घेऊ असं ठरलं.

दुपारी ४.१०, बोईसर

कारखान्यांची भिंत सरते आणि ताडांची रांग सुरू होते तिथे सासूबाई खिडकीशी सरकल्या. तारापूरची अणुवीज १९६९ साली सुरू झाली तेव्हा त्या शाळेत होत्या. अणू म्हणजे काय ते मास्तरांनाही नीटसं सांगता आलं नव्हतं, पण पेढे मिळाले होते. मग त्यांनी नातवाला गावाची मोठी गोष्ट सांगितली. चिंचणीला जमिनीतून जुने ताम्रपट निघाले. त्यातला एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला, शके ८४८चा, म्हणजे इसवी सन ९२६. तेव्हा संजाणचा कारभार मधुमती नावाच्या अधिकाऱ्याकडे होता, आणि हा मधुमती अरब, ताम्रपटातल्या शब्दात ताजिक. दोन नद्यांवर वाटसरूंसाठी फुकटची तर सुरू केल्याचं त्यात कोरलं आहे, आणि भात, कालवण, तूप वाढणारं अन्नछत्रही.

“तर म्हणजे?” चिरंजीव.

“होडी रे. पलीकडे नेणारी.”

सायंकाळी ४.५५, चिंचणी

गल्लीत शिरताच खाली हिरवट थेंबांची माळ पडू लागली. वरच्या होसचा क्लिप सैल झाला होता. गाडी थांबली ती नेमकी सासूबाईंच्या जुन्या शेजाऱ्यांच्या दारात. शेजारी गेले, मुलगा आहे, आणि तो डायमेकर.

या पट्ट्याबाहेरच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागतो. सोन्याच्या पत्र्यावर नक्षी उठवायची तर आधी ती पोलादी ठोकळ्यात उलटी कोरावी लागते. तो ठोकळा म्हणजे डाय. चिंचणी, वरोर, वाढवण, डहाणू इथल्या कितीतरी घरांत ओटीवर बसून माणसं छिन्नी-कानशीने हे कोरतात. लवंगेएवढ्या जागेत मोराचे डोळे काढणाऱ्या या गृहस्थाने आमचा होस बघितला, पत्र्याची पट्टी कापली, कानशीने तिच्या कडा मारल्या आणि पंधरा मिनिटांत असा क्लिप बसवला की थेंब जागच्या जागी थांबला. पैसे घेईना. “आत्याकडून कसले घ्यायचे?”

इतकं सुबक काम मी गाडीच्या पोटात कधी पाहिलं नव्हतं. तेच आम्हाला भोवलं. सैल क्लिपमधून दिवसभर थोडा थोडा दाब बाहेर निघत होता. आता ती वाट बंद झाली, आणि दाब सगळ्यांत कच्ची जागा शोधायला मोकळा झाला.

सायंकाळी ५.५०, किनारा

ओहोटीला चिंचणीचा किनारा बघत राहावा असा असतो. सुरूच्या झाडांपासून पाण्यापर्यंत सपाट, ओली, काळसर वाळू, इतकी घट्ट की मोटारसायकलींची चाकं उमटतसुद्धा नाहीत. गाड्या खाली नेणं ही तिथली, म्हणजे आम्हा पाहुण्यांची, रोजची सवय. चार गाड्या खाली होत्याच. भेळवाला म्हणाला, “इथंच लावा की.” पण नवऱ्याच्या मनात तीन वर्षांपासून एक चित्र होतं. मागचं दार उघडायचं, दारात आई बसलेली, समोर मावळता सूर्य आणि तिचा समुद्र. झाडं सोडून तो शंभर-सव्वाशे पावलं खाली गेला. पाणी अजून दीडशे पावलं लांब होतं. मीही अडवलं नाही. मलाही फोटो हवा होता.

सायंकाळी ६.०५

जागा घेताना गाडी थोडी तिरकी लागली. सरळ करायला मागे घेतली तेव्हा मागचं चाक मऊ पट्ट्यात गेलं. मोटारसायकल पेलणारी वाळू साडेतीन टन पेलतेच असं नाही. पहिला गिअर, ॲक्सिलेटर, चाक जागच्या जागी फिरलं आणि रिमपर्यंत गेलं. पुन्हा ॲक्सिलेटर. मागून पांढरा धूर निघाला, दाट, किंचित गोडसर वासाचा. मग एक ठक् असा आवाज, दार लोटावं तसा, आणि शांतता.

डिपस्टिक बाहेर काढली. ऑइल काळं असायला हवं, ते दूध घातलेल्या चहासारखं दिसत होतं. डायमेकरचा क्लिप जागेवर होता, कोरडा ठणठणीत.

सायंकाळी ६.२०

सासूबाई दारात बसल्या होत्या, चित्रात ठरलं होतं तशाच. पाण्याकडे बघत त्यांनी सकाळचा प्रश्न पुन्हा विचारला. मी फोनमध्ये पंचांग उघडलं. वैशाख शुद्ध त्रयोदशी.

“तेरस. पाऊणपट कर.”

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. किनाऱ्यावरच्या माणसाला हे पाढ्यांबरोबर येतं. तेरा पाऊणे पावणेदहा. “इकडे त्याहून थोडी उशिराच भरते,” त्या म्हणाल्या. म्हणजे पाणी चारच्या सुमारास फिरलं होतं. आम्ही खाली उतरलो तेव्हाच ते वर निघालेलं होतं, फक्त आम्हाला ओहोटीसारखं दिसत होतं.

आणि भरती सारख्या पावलांनी चढत नाही. सहा तासांत जेवढं पाणी वाढायचं त्याचे बारा वाटे धरले तर पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्यालाही तीन, मग पुन्हा दोन आणि एक. निम्मी भरती मधल्या दोन तासांत येते. इथे खंबातच्या आखाताकडे जावं तशी भरती-ओहोटीतली तफावत वाढत जाते, त्यामुळे ते तीन वाटे मुंबईच्या माणसाच्या अंदाजापेक्षा मोठेच. उधाण अजून आलं नव्हतं, ते पौर्णिमेच्या पुढेमागे. पण आमच्या गाडीला भांगाची भरतीही पुरली असती. ते मधले दोन तास म्हणजे सहा ते आठ.

त्या दोन तासांत आम्ही फोन करत होतो.

सायंकाळी ७.१०

सूर्य बुडाला. कोणी पाहिला नाही. क्रेन बोईसरहून यायची होती आणि वाळूवर उतरणार नव्हती. डायमेकर कुठून तरी ट्रॅक्टर घेऊन आला, सोबत होड्या ओढणारी चार पोरं. पहिला दोर नायलॉनचा, होडीचा. ताणला, वाजला आणि तुटून सपकन वाळूवर आपटला. मग साखळी आणली. चाकांपुढची वाळू सगळ्यांनी हातांनी उपसली. उपसली तेवढी पाझरून परत आली. ट्रॅक्टरने दम धरला, गाडी हातभर हलली, आम्ही ओरडलो, आणि साखळी बंपरसकट निघून आली.

पहिली लाट तेव्हा चाळीस पावलांवर असेल.

रात्री ८.००

पाणी मागच्या चाकाला लागलं. लाट परत जाताना चाकाभोवतीची वाळू घेऊन जायची, आणि दर लाटेला गाडी बोटभर खाली बसायची, म्हैस पाण्यात बसते तशी, सावकाश. ट्रॅक्टरवाला म्हणाला, “काका, आता माझा ट्रॅक्टर जाईल.” त्याचं बरोबर होतं. तो वर गेला.

मग आम्ही घर रिकामं केलं. काय घ्यायचं हे ठरवायला वेळ असता तर वेगळं घेतलं असतं. पोरांनी आधी सिलिंडर काढला, ते शहाणपणाचं. नवऱ्याने बॅटरी काढली. मी गाद्या काढल्या आणि कागदपत्रं विसरले, मग परत गेले. मुलाने पत्त्यांचा कॅट आणि कुकरची शिट्टी आणली, कुकर नाही. सासूबाईंना दोघांनी हातांचा पाळणा करून झाडांपर्यंत नेलं. पन्नास वर्षांनी समुद्राचं पाणी पायाला लागलं ते असं.

रात्री ८.५०

फॉर्ममधली वेळ. पाणी पायरीवरून आत आलं. नवऱ्याने आतला दिवा तसाच ठेवला होता, लहान बॅटरीवरचा. खिडकीतून पिवळा उजेड, ओट्यावरचा टाइलचा पट्टा, भिंतीवर पोराने चिकटवलेला महाराष्ट्राचा नकाशा, आणि खाली हलणारं काळं पाणी. तो दिवा बराच वेळ टिकला. वायरिंग त्याने चांगलं केलं होतं.

रात्री १०.२०

चांदणं स्वच्छ होतं. पाणी बाकांपर्यंत चढलं आणि थांबलं. आम्ही डायमेकरच्या ओटीवर जेवत होतो, भात आणि बोंबलाचं कालवण. त्याच्या बायकोने दुसऱ्यांदा वाढताना विचारलंसुद्धा नाही. नवरा एकदाच बोलला, “मेस्त्री वाळू म्हणाला होता का?” मी हो म्हटलं.

सकाळी ९.३०

पाणी पुन्हा चढायच्या आत दोन ट्रॅक्टरांनी ती झाडांखाली आणली. ओट्याच्या खणांत वाळू, शेगडीवर एक खेकडा, नकाशा कोकणापासून सुटून लोंबणारा. नऊ वाजता चिल्हार फाट्याचा मेस्त्री शब्द दिल्याप्रमाणे पेटी घेऊन आला. भोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडलं, डिपस्टिक बाहेर काढून बघितली, पुन्हा जागेवर ठेवली. पेटी उघडलीच नाही. होसवरच्या पट्टीवरून अंगठा फिरवून म्हणाला, “हे कोणी केलं? मस्त केलंय.”

मग दोन्ही हात पुढे धरले, ऑइलने आणि वाळूने माखलेले.

“ताई, हात धुवायला थोडं पाणी द्या.”

मी सवयीने ओट्याचा नळ फिरवला. खरखर आवाज झाला, आणि काही आलं नाही.